पॅकेज चांगलं आहे, पण तुमचं काम अडतं कुठे?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: भावासोबत एक छोटी प्रकाशनसंस्था चालवणाऱ्या एका बाईंचं पत्र आहे. वर्षाला वीसेक पुस्तकं निघतात. त्यात कथा-कादंबऱ्या आणि शालेय स्वाध्यायपुस्तिका, शिवाय ३२ पानांचं एक त्रैमासिक. अक्षरजुळणी आणि मांडणी घरात, छपाई बाहेरच्या प्रेसमध्ये. मांडणीचं सॉफ्टवेअर जुनं, एकरकमी पैसे भरून घेतलेलं, एकाच जुन्या संगणकावर चालणारं. अलीकडे एका विक्री प्रतिनिधीनं 'खास प्रकाशकांसाठी' म्हणून एक पॅकेज दाखवलं. मांडणी, आपोआप इम्पोझिशन (म्हणजे मोठ्या कागदावर पानं अशी लावायची, की घडी घातल्यावर ती क्रमानं येतील), फाइलची तपासणी, ई-बुक, सगळं एकात. वर्षाचं शुल्क एका सहकाऱ्याच्या चार महिन्यांच्या पगाराइतकं. तीन वर्षांचा करार केला तर घसघशीत सूट. दादा म्हणतो, चाललंय ते चालू दे. सहकारी म्हणतो, फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं होतं. गेल्या वर्षी एका कादंबरीचे आणि त्रैमासिकाच्या एका अंकाचे फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) पुन्हा छापावे लागले, हे बाईंना सलतंय. 'इतर प्रकाशक विचारतात, अजून तेच वापरता? तेव्हा ओशाळायला होतं. या पॅकेजचे पैसे वसूल होतील का, हे मी ठरवू कसं?'

उत्तर:

तुमच्या पत्रातली एक गोष्ट चटकन नजरेत भरली. पॅकेजमध्ये काय काय आहे हे तुम्ही दीड पान भरून लिहिलंय. तुमच्याकडे एखादं पुस्तक हस्तलिखितापासून प्रेसपर्यंत कसं जातं यावर मात्र जेमतेम चार ओळी आहेत. साहजिकच आहे. प्रतिनिधी तासभर समोर बसून एकेक सोय दाखवत होता, आणि आपल्याच कामाचं प्रात्यक्षिक आपल्याला कुणी देत नाही. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या चार ओळींत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुम्हाला सलणारे दोन प्रसंग घ्या. कादंबरीच्या वेळी तिसऱ्या प्रूफाच्या दुरुस्त्या झालेली फाइल संगणकावरच राहिली आणि दुसऱ्या प्रूफाची फाइल प्रेसला गेली. दोन्हींची नावं 'फायनल' आणि 'फायनल नवीन' अशी होती, हे तुम्हीच कंसात लिहिलंय. ही चूक कुठलंही पॅकेज पकडणार नाही. तपासणीचं सॉफ्टवेअर फॉन्ट जोडलेत का, चित्रांचं रेझोल्यूशन पुरेसं आहे का, ब्लीड (कापणीसाठी पानाबाहेर वाढवलेली कड) सोडलंय का, एवढं बघतं. त्याच्या लेखी तुमच्या दोन्ही फाइली निर्दोषच होत्या. इथे लागते ती शिस्त, आणि तिला वार्षिक शुल्क नाही. फाइलच्या नावात पुस्तकाचं नाव, प्रूफाचा क्रमांक आणि तारीख लिहा; 'फायनल' हा शब्द कायमचा हद्दपार करा. प्रेसला जाणाऱ्या पीडीएफसाठी वेगळा फोल्डर ठेवा, त्यात प्रत्येक पुस्तकाची एकच फाइल. आणि ज्यानं मांडणी केली त्यानं फाइल पाठवायची नाही. दुसऱ्यानं शेवटच्या प्रूफावरच्या कुठल्याही पाच दुरुस्त्या निवडायच्या, त्या पीडीएफमध्ये दिसतात का बघायचं, मगच पाठवायची. तिघांच्या कार्यालयात हे सहज जमावं.

त्रैमासिकाचं प्रकरण वेगळं आहे. रंगीत पानांवरचा बारीक मजकूर धुरकट आला, अक्षरांच्या कडांना लालसर-निळसर झाक होती, असं तुम्ही लिहिता. हा बहुधा चार रंगांतून बनलेला काळा. बाहेरून आलेल्या फाइलमधला आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांतला काळा सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या रंगांत बदलताना सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा अशा चारही शाईंत वाटला जातो. मग नऊ पॉइंटाचं अक्षर चार प्लेटांवरून तंतोतंत एकावर एक बसावं लागतं. एखादी प्लेट केसभर सरकली की अनुस्वार पसरतो आणि उकाराचं पोट बुजतं. इथे प्रतिनिधी म्हणेल, बघा, हीच तर आमची तपासणी. खरं आहे, चांगली तपासणी हे पकडते. पण ते पकडायला नवीन पॅकेज लागत नाही. ॲक्रोबॅट प्रोमध्ये 'आउटपुट प्रिव्ह्यू' उघडा आणि शाईंच्या यादीतल्या काळ्यापुढची खूण काढा. पानावरचा मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. त्या जागी तपकिरी-करड्या अक्षरांची सावली उरली, तर तो मजकूर चार रंगांत आहे. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय २००३ च्या आवृत्तीपासून आहे. फुकट मिळणाऱ्या स्क्रायबसमध्येही छपाईपूर्वी रंग सुटे करून बघता येतात. एक इशारा मात्र लक्षात ठेवा. 'आम्ही पीडीएफ/एक्स-१ए करूनच पाठवतो' एवढ्यावर विसंबू नका. पीडीएफच्या या छपाईसाठीच्या प्रमाणित प्रकारात आरजीबीला मज्जाव आहे खरा, पण चार रंगांतला काळा हा सीएमवायकेच असतो, त्यामुळे त्याला बिनदिक्कत प्रवेश मिळतो.

म्हणजे ज्या दोन जखमांमुळे तुम्ही खरेदीच्या वाटेला लागलात, त्यातल्या एकीवर या पॅकेजमध्ये औषध नाही आणि दुसरीवरचं औषध बहुधा तुमच्या कपाटात पडलेलं आहे.

आता इम्पोझिशन. प्रात्यक्षिकातला सगळ्यात जास्त वेळ यावर गेला असं दिसतं, आणि ते बघायला छान वाटतं हेही कबूल. २४० पानांचं पुस्तक टाकलं, बटण दाबलं, आणि १६ पानी १५ फॉर्म उलटसुलट पानांसकट पडद्यावर हजर. पण तुम्ही प्रेस चालवत नाही! फॉर्म कसे लावायचे हे प्रेसच्या मशीनवर किती मोठा कागद चालतो, मशीन कागद कुठल्या कडेनं धरतं, घडी कुठल्या क्रमानं पडते, यावर ठरतं. ते त्यांच्याकडच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा माणूस करतो. बहुतेक प्रेसना सुटी पानं, चारी बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड सोडलेली, ओळीनं एका पीडीएफमध्ये हवी असतात. तुम्ही फॉर्म लावून पाठवलेत तर ते उसवून पुन्हा लावतील, नाहीतर सुटी पानं परत मागतील. तुमच्या प्रेसला एक फोन करा आणि विचारा, 'फॉर्म आम्ही लावून दिले तर तुमचं काम कमी होईल का, आणि झालं तर बिल कमी होईल का?' या प्रश्नाचं उत्तर प्रतिनिधीकडून घेण्यात काही अर्थ नाही.

'क्रीप आपोआप सांभाळतो' या वाक्यानंही तुम्ही भारावलेल्या दिसता. क्रीप म्हणजे काय ते माहीत असलं की त्याचं मोलही ठरवता येतं. सेंटर पिनच्या (मधोमध पिना मारलेल्या) अंकात घड्या एकात एक घालतात, त्यामुळे आतली पानं कागदाच्या जाडीनुसार बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची बाहेरची समासपट्टी जास्त कापली जाते. कागद ०.१ मिलिमीटर जाडीचा धरला, तर ६४ पानी अंकात १६ घड्या, म्हणजे सगळ्यात आतलं पान सुमारे दीड मिलिमीटर बाहेर येईल. डोळ्याला दिसण्याजोगं. तुमच्या ३२ पानी त्रैमासिकात तेच सुमारे ०.७ मिलिमीटर होतं. शिलाईच्या पुस्तकात सोळा-सोळा पानांचे वेगळे फॉर्म एकापुढे एक असतात, तिथे एका फॉर्मच्या आत फक्त ०.३. तुमच्या यादीतली बहुतेक पुस्तकं शिलाईची आहेत. या सोयीसाठी वेगळे पैसे मोजायचं कारण मला तरी दिसत नाही. हेच पत्र स्वतःचं डिजिटल प्रिंटिंग मशीन असलेल्या किंवा प्लेट काढून देण्याचा धंदा करणाऱ्या कुणी लिहिलं असतं, तर मी उलट सांगितलं असतं. त्यांच्याकडे इम्पोझिशनचं सॉफ्टवेअर पहिल्या महिन्यापासून कामाला लागतं.

मग राहते 'वेळ वाचेल' ही बाजू. 'मांडणीचा वेळ निम्मा होईल,' असं प्रतिनिधी म्हणाला. निम्मा कशाचा, हे विचारलंत का?

उदाहरणापुरते काही आकडे धरू. ते माझे आहेत, तुमचे वेगळे असतील. एका पुस्तकाला तुमच्याकडे ४० तास लागतात. त्यातले मजकूर ओतून पानं लावायला ८, तीन प्रूफांच्या दुरुस्त्यांना २०, चित्रं-मुखपृष्ठाला ७, आणि फाइल बनवणं, पाठवणं, प्रेसशी बोलणं यात ५. पॅकेजनं मांडणीचा वेळ खरोखर निम्मा केला तर पुस्तकामागे ४ तास वाचले, वीस पुस्तकांचे ८०. चार महिन्यांचा पगार म्हणजे महिन्याला २५ दिवस आणि दिवसाला ८ तास धरले तर ८०० तास. ८० तास वाचवायला ८०० तासांचे पैसे. शिवाय पहिली दोन-तीन पुस्तकं नवीन सॉफ्टवेअरवर हळूच होणार, ते वेगळंच.

वाचलेल्या तासाचे पैसे होतात का, हा पुढचा प्रश्न, आणि तो बहुतेक जण विचारतच नाहीत. रोज वीस मिनिटं वाचली तर सहकाऱ्याला चहा निवांत पिता येईल. चांगलंच आहे, पण त्यातून शुल्क भरलं जाणार नाही. त्या ८० तासांत तुम्ही एकविसावं पुस्तक काढणार असाल आणि ते पुस्तक खरोखर तुमच्या हातात असेल, तर त्याचा नफा हीच वाचलेल्या वेळेची किंमत. तसं पुस्तक नसेल तर कागदावर काहीही निघो, गल्ल्यात काही पडत नाही. उलट परीक्षेच्या आधीच्या महिन्यात स्वाध्यायपुस्तिकांची घाई असताना वाचलेले दोन दिवस सोन्याचे असतात. तास केव्हा वाचतो यावरही त्याचं मोल ठरतं.

म्हणून महिनाभर एक वही ठेवा. तिघांनीही आपण काय करतोय ते दिवसातून दोनदा, दुपारी आणि निघताना, वर सांगितलेल्या चार रकान्यांत लिहायचं. पाचवा रकाना 'वाट पाहण्या'चा. कुणावर नजर ठेवायला ही वही नाही, हे आधीच स्पष्ट सांगा, नाहीतर सगळे रकाने भरलेले आणि खोटे मिळतील. माझा अंदाज आहे की सगळ्यात जाड रकाना दुरुस्त्यांचा निघेल. तसं निघालं तर उपाय मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नाही, त्याच्या अलीकडे आहे. मजकूर मांडणीला येण्याआधी मुद्रितशोधन पूर्ण करून घेणं, आणि पानं लागल्यावर लेखकाला नवे परिच्छेद घालू न देणं. लेखकाला हे सांगणं कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

तुमच्या ओशाळण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण वाचकाला पुस्तक कशात लावलंय ते कधीच कळत नाही. पण या धंद्यात 'सगळे तेच वापरतात' हे किती टिकतं ते एकदा आठवून बघा. पेजमेकर १९८५ मध्ये आलं आणि घराघरात डीटीपी त्यानं पोचवलं. १९८७ मध्ये आलेल्या क्वार्कएक्सप्रेसनं पुढच्या दशकात मोठमोठी मासिकं काबीज केली. १९९९ मध्ये इनडिझाइन आलं, आणि पेजमेकरची २००१ मधली सातवी आवृत्ती शेवटची ठरली. एकदा पैसे भरून कायमची घेता येणारी इनडिझाइनची शेवटची आवृत्ती २०१२ ची. २०१३ पासून नव्या आवृत्त्या फक्त वर्गणीवर. याला पर्याय म्हणून २०१९ मध्ये ॲफिनिटी पब्लिशर एकरकमी किमतीला आलं, २०२४ मध्ये ते बनवणारी कंपनी कॅनव्हानं घेतली, आणि २०२५ च्या अखेरीस तेच सॉफ्टवेअर फुकट झालं. सहा वर्षांत एकरकमीवरून फुकट! ज्या बाजारात हे घडतं, तिथे तीन वर्षांचे पैसे आज भरण्याबद्दल काय वाटतं तुम्हाला? सूट देणारा हा धोका तुमच्या अंगावर सरकवतोय, आणि सूट म्हणजे त्याचाच मोबदला.

आता सहकाऱ्याचं म्हणणं. तो अगदीच चुकीचं बोलत नाहीये. स्क्रायबस हे काही पोरखेळ नाही. सीएमवायके, पीडीएफ/एक्स, परिच्छेदशैली (परिच्छेदाचं रूप एकदा ठरवून सगळीकडे लावण्याची सोय) सगळं त्यात आहे. देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवण्याची सोय त्याच्या १.५ मालिकेतल्या चाचणी-आवृत्त्यांत आली आणि २०२४ च्या आरंभी आलेल्या १.६ या स्थिर आवृत्तीत ती आहे. पण 'सगळं होतं' आणि 'आपलं होतं' यात फरक आहे, आणि मराठी प्रकाशकाला तो पहिल्याच पानावर कळू शकतो. परदेशी सॉफ्टवेअर इंग्रजीत देखणं चालतं, आणि देवनागरीत पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त दिसू लागतात. इनडिझाइनमध्येही परिच्छेदाला अशा लिप्या जुळवणारा 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर लावला नाही तर हीच गत होते. अनेकांनी तेवढ्यावरूनच ते सॉफ्टवेअर मराठीत चालत नाही असं ठरवून टाकलंय.

तेव्हा पॅकेज असो की फुकटचं, दोघांनाही एकच चाचणी लावा. एका पानावर हे शब्द टाका: दऱ्या, कुऱ्हाड, निर्भर्त्सना, उद्ध्वस्त, द्विरुक्ती, ब्राह्मण, ॲसिड, ऑक्टोबर. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) २००८ मध्ये आलं, त्यामुळे जुन्या फॉन्टात त्या जागी चौकट दिसेल. मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्यावर ल आणि श यांची मराठी वळणं येतात का ते बघा. काही फॉन्टांत ती दडलेली असतात आणि सॉफ्टवेअरनं भाषा ओळखली तरच बाहेर येतात. मग अरुंद रकान्यात एक परिच्छेद दोन्हीकडून समास जुळवून लावा, आणि ओळीच्या शेवटी शब्द तुटतो तो जोडाक्षराच्या मधोमध तर तुटत नाही ना, हे तपासा. शेवटी पीडीएफ काढून ती दुसऱ्या संगणकावर उघडा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि यात जे नापास झालं त्याची बाकीची सोय-यादी वाचायची गरज नाही.

दादाबद्दल. 'चाललंय ते चालू दे' हे ऐकायला शहाणपणाचं वाटतं, आणि मांडणीपुरतं ते बरोबरही आहे. पण तुमचं सगळं एकाच जुन्या संगणकावर चालतं हे त्याच वाक्यात दडलेलं आहे. तो संगणक बसला तर जुनं सॉफ्टवेअर नव्या यंत्रावर चढेलच याची खात्री नाही. चढलं तरी त्याचा परवाना पुन्हा चालू होईल याचीही नाही. तुमच्या परिस्थितीतली खरी जोखीम ही आहे, आणि गंमत म्हणजे ना पॅकेजच्या यादीत तिचा उल्लेख आहे ना तुमच्या प्रश्नात. आधी त्या संगणकाच्या संपूर्ण डिस्कची प्रत दोन वेगळ्या ड्राइव्हवर काढा. फक्त फाइलींची नको. फॉन्ट, सॉफ्टवेअर, परवान्याचे क्रमांक, सगळं. एक ड्राइव्ह कार्यालयाबाहेर ठेवा.

त्यानंतर जुन्या पुस्तकांकडे बघा. साठेक पुस्तकं युनिकोडपूर्व फॉन्टांत आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते वाटलं. त्या फाइलींत दिसतं मराठी, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक जागा. फॉन्ट काढला की कचरा उरतो. पॅकेजमधलं ई-बुकचं बटण या फाइलींवर दाबलंत तर तोच कचरा ई-बुकात जाईल. पीडीएफ आहेत ना, त्यातून मजकूर काढू, असं कुणी सुचवेल. काढून बघा एक पान. पीडीएफ छापायला उत्तम, पण देवनागरी मजकूर त्यातून परत काढताना काने-मात्रा जागा सोडतात. मूळ फाइलमधला मजकूर रूपांतरकातून युनिकोडमध्ये न्यायचा आणि मग एकदा वाचायचा, हाच मार्ग. रफार, जोडाक्षरं आणि अवतरणचिन्हं इथे हमखास घोळ होतो. ज्या पुस्तकांची नवी आवृत्ती निघू शकते, त्यांच्यापासून सुरुवात करा. पॅकेजसाठी बाजूला काढलेल्या रकमेतून एखादा मुद्रितशोधक काही महिने या कामाला लावला, तर त्याचं फळ कुठलंही सॉफ्टवेअर बदललंत तरी तुमच्याकडे राहील.

हाच निकष पॅकेजलाही लावा. वर्गणी बंद केली त्या दिवशी माझ्या हातात काय उरेल? इनडिझाइनची मूळ फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, पण ती आयडीएमएल स्वरूपात काढून ठेवली तर जुन्या आवृत्त्यांत आणि इतर काही सॉफ्टवेअरांतही नेता येते. या पॅकेजमधून असं काही बाहेर निघतं का? शैलींसकट निघतं की नुसता मजकूर? वर्गणी संपल्यावर फाइल उघडून वाचता तरी येते का? ही उत्तरं लेखी मागा. तोंडी 'हो हो, सगळं होतं' यावर समाधान मानू नका.

आता पॅकेजच्या बाजूनं. तुमच्या कामात एक कोपरा असा आहे जिथे त्यासारखं काहीतरी खरोखर पैसे वसूल करू शकतं: स्वाध्यायपुस्तिका. कादंबरीचं प्रत्येक पान वेगळं असलं तरी रचना एकच, तिथे यंत्राला करायला फारसं काही नाही. स्वाध्यायात उलट आहे. प्रश्न, चार पर्याय, रिकाम्या रेघा, गुणांचा चौकोन, हेच शेकडो वेळा. आणि तुम्ही लिहिता की सहकारी प्रश्नांचे आकडे हातानं ठळक करतो, मधला एक प्रश्न काढला की पुढचे सगळे आकडे हातानं बदलतो, आणि मग शेवटची उत्तरसूची चुकते. हे वाचून मला कसंतरीच झालं. कारण हे सगळं टाळण्याची सोय तुमच्याकडच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येही बहुधा आहे. परिच्छेदशैलीतच आपोआप क्रमांक लावता येतात. एका शैलीनंतर पुढची आपोआप यावी असं सांगता येतं. इनडिझाइन वापरत असाल तर ग्रेप शैलीनं 'कंसातला आकडा आणि त्यापुढे गुण' हा साचा जिथे दिसेल तिथे तो आपोआप ठळक करता येतो. डेटा मर्जनं प्रश्नांचा तक्ता थेट पानांत ओतता येतो. एका जाणकाराला दोन दिवस बोलवा. त्यानं तुमची एक पुस्तिका तुमच्यासमोर शैलींमध्ये बांधून द्यावी आणि सहकाऱ्यानं दुसरी त्याच्यासमोर बांधावी. माझा अनुभव सांगतो की ज्या कार्यालयांना नवीन सॉफ्टवेअर हवं असतं, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी असलेल्या सॉफ्टवेअरमधलं शैलींचं पॅनेल कुणी उघडलेलंही नसतं.

एवढं करूनही स्वाध्यायपुस्तिकांचं काम हाताबाहेर जात असेल, म्हणजे एकच पुस्तिका चार इयत्तांना, दोन माध्यमांत, शिक्षकप्रत आणि विद्यार्थीप्रत अशी निघत असेल, तर प्रश्नांचा साठा एका जागी ठेवून त्यातून पानं तयार करणारं सॉफ्टवेअर तुमच्यासाठी खरंच मोलाचं आहे. तेव्हा मी 'घ्या' म्हणेन. पण त्या वेळी तुम्ही प्रतिनिधीला विचारणार असलेले प्रश्न वेगळे असतील. इम्पोझिशनबद्दल चकार शब्द निघणार नाही.

तोवर चाचणी-काळ मागा आणि तो तुमच्या फाइलीवर चालवा. त्याच्या नमुना पुस्तकावर नको, ते अगदी गुळगुळीत केलेलं असतं. तुमची सगळ्यात त्रासदायक पुस्तिका निवडा, तक्ते आणि आकृत्या असलेली, जिच्या दुरुस्त्यांनी सगळ्यांना घाम फोडला होता ती. माउस सहकाऱ्याच्या हातात, प्रतिनिधी मागे उभा. त्यात मजकूर ओता, दुसऱ्या प्रूफाच्या खऱ्या दुरुस्त्या करा, मधून दोन पानं काढून टाका, अनुक्रमणिका आणि उत्तरसूची पुन्हा जुळते का बघा, पीडीएफ काढून तुमच्या प्रेसला पाठवा आणि 'ही चालेल का' असं विचारा. प्रेसचा होकार आल्याशिवाय चाचणी संपली असं समजू नका. तुमच्यासारखेच इतरही छोटे प्रकाशक हे वाचत असतील. त्यांचं काम फक्त कादंबऱ्या-कवितांचं असेल तर त्यांना या चाचणीचीही गरज पडणार नाही. मासिक किंवा जाहिराती करणाऱ्यांनी मात्र बाहेरून येणाऱ्या फाइली तपासण्याच्या सॉफ्टवेअरकडे जरूर बघावं, कारण तिथे चुका दुसऱ्याच्या असतात आणि भुर्दंड आपल्याला बसतो.

सूट महिनाअखेरपर्यंतच आहे, असं प्रतिनिधी बहुधा म्हणाला असेल. नसेल तर या आठवड्यात म्हणेल. त्याला कळवा की महिनाभराची वही भरून झाली, चाचणी झाली आणि फाइली बाहेर काढण्याबद्दल लेखी उत्तर आलं, की एका वर्षाच्या कराराचा विचार करू, आणि तोही इम्पोझिशन वगळून किती पडेल ते सांगा. ही वही दादालाही भरायला लावा. हिशेब तो बघतो, त्यामुळे कुठला रकाना किती जाड झालाय ते त्याच्या लक्षात तुमच्याही आधी येईल.